पानिपताऐवजी पानशेत द्या
आठवीच्या मुलांना पानिपताच्या लढाईवर कथा लिहायला द्यावी असं काही जण सुचवतात. पण त्यात मालिकांमधले संवादच कागदावर उतरतात. पुण्यातल्या मुलांना १२ जुलै १९६१ द्या: पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला धरण, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. ते पाहिलेल्या आजी-आजोबांना अजून विचारता येतं. मर्यादा घाला: एक घर, एक दिवस, स्वतःच्या वयाचं पात्र, ४०० शब्द. आधी घरातल्या १० वस्तूंची यादी करायला लावा. स्टो, कंदील, तांब्याचा बंब. हमखास होणारी चूक म्हणजे सकाळी दप्तर भरणाऱ्या मुलीलाच धरण फुटणार हे ठाऊक असतं! तिला फक्त पाऊस दिसतोय, अफवा कानावर येतायत. पहिल्या खर्ड्यातली अशी वाक्यं अधोरेखित करा, पण खोडू द्या मुलांनाच.