अनुभव धागा: टेकड्यांमधली, कच्च्या वाटेवरची हाफ मॅरेथॉन. काय काय झालं ते लिहा

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन, माझी पहिलीच फुल. तयारीचा भाग म्हणून गेल्या रविवारी आम्ही सहा जण रामटेकला जाऊन २१ किमी धावून आलो. अंबाळा तलावापासून निघायचं, पायऱ्यांनी गडावर, गाडीरस्त्याने खाली, मग टेकडीच्या कडेकडेने मुरमाच्या वाटा आणि पुन्हा गड. डांबरी रस्त्यावर माझी हाफ २ तास ४ मिनिटांत होते. इथे ३ तास ११ मिनिटं लागली. त्यात वानराने आमच्यातल्या एकाची केळी पळवली, ती मिनिटंही आली. घड्याळ जे आकडे दाखवत होतं ते बघून तिसऱ्या किलोमीटरलाच धीर सुटला. सातव्याला त्याच्यावर बाही ओढून घेतली.

आपलं नागपूर सपाट. वर्धा रोडने कितीही लांब जा, चढ म्हणजे उड्डाणपूल. म्हणून विचारतोय. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी लिहा. वेळ नाही सांगितली तरी चालेल, बिघडलं काय ते सांगा.

गोखरू

भाऊ, तुम्ही मुरमावर गेले म्हणून वाचले. मी ऑक्टोबरात कोंढाळीकडे पांदणीनं २१ करायले गेलो होतो. आदल्या रात्री पाणी येऊन गेलं. काळी माती काय चीज आहे हे शेतकऱ्याच्या पोट्ट्याले सांगा लागते का? पण मी शहरात राहून शहाणा झालो होतो ना! शंभर पावलांत बुटाले एवढा लगदा, का पाय उचलेना. काडीनं खरडा, चार पावलं जा, पुन्हा खरडा. ट्रेलचे महागाचे बूट घेतले होते, खाली खोल खाचावाले. त्या खाचाच भरून गेल्या, मंग काय उपयोग? शेवटी बूट हातात घेतले अन् अनवाणी निघालो. तर बांधावर गोखरू. हसू नका. नऊ किलोमीटरवर एका बैलबंडीत बसून वापस आलो. बंडीवाले काका सारे वेळ एकच विचारत होते, "पण तुमच्या मागं होतं कोण?"

पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवस काळ्या मातीत जाऊ नका. मुरूम, गिट्टी, खडक चालते.

तिसरा मजला

चढ दमवतो असं सगळे सांगतात. मला उताराने धडा शिकवला. सेमिनरी हिल्सच्या वाटांवर फेऱ्या मारत मी २१ पूर्ण केले. चढाला जपून, आणि उताराला "आता वेळ भरून काढू" म्हणून सुसाट. रविवारी संध्याकाळी काहीच नाही, मी खूश. सोमवारी सकाळी पलंगावरून उठता येईना. मंगळवार त्याहून वाईट. माझा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. वर जायचे ठीक, खाली येताना कठड्याला दोन्ही हात आणि खेकड्यासारखं आडवं. सातवीतली मुलं विचारायला लागली, "मॅडम, पडलात का?"

माझी नणंद फिजिओथेरपिस्ट आहे, तिने समजावलं. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ब्रेकचं काम करतात, म्हणजे आकसायचा जोर लावत असतानाच ताणले जातात. त्याने तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं एक ते तीन दिवसांनी टोकाला पोचतं. मजा अशी की तेच स्नायू पुढचे काही आठवडे तशाच माराला कमी बधतात. माझ्या दुसऱ्या वेळी खरंच निम्मंच दुखलं. म्हणून मुख्य शर्यतीआधी निदान तीन-चार आठवडे हे उरकून घ्या, आदल्या रविवारी नको. उताराला पावलं लहान आणि भराभर. आणि नखं कापून जा. माझं अंगठ्याचं नख काळं पडलं ते गेलंच.

काका (६१)

चढ आला की मी चालतो. लाज वाटत नाही. हात मांडीवर टेकवायचे, थोडं पुढे वाकायचं, दमदार पावलं. पहिल्यांदा माझ्याशेजारून एक तरुण धावत वर गेला. शंभर मीटरवर तो मला धापा टाकत उभा दिसला, पुढच्या टेकडीवर पुन्हा दिसला, मग दिसलाच नाही.

धागाकर्ते, तुम्ही २.०४ आणि ३.११ शेजारी का मांडलेत? श्वास बघा. चढावर पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, मग घड्याळ काहीही सांगो.

आधी_सातारकर

काकांशी अर्धाच सहमत. सातारा हिल हाफ मॅरेथॉन केली आहे. यवतेश्वरचा घाट चढून जायचं आणि त्याच वाटेने परतायचं, पण तो डांबरी रस्ता. तिथे दम लागतो, घोटे मात्र निवांत. कच्च्या वाटेवर दर पावलाला नजर ठेवावी लागते. मला १५ किमीनंतर पायांआधी डोकं थकल्यासारखं झालं, आणि तेव्हाच ठेचकाळलो. मुंबईच्या फुलमध्ये पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात येतो, पाय गेलेले असताना. त्यासाठी चढाची सवय हवीच, पण ती डांबरावर केलेलीही चालते. रामटेकच कशाला?

कुसळ

मोज्यात. बारा किलोमीटर. तेच.

पाण्याची_पिशवी

माझं पाण्याचं गणित चुकलं. रस्त्यावर २१ ला दोन तास, म्हणून अर्धा लिटर नेलं. वाटेवर तीन तास झाले आणि टपरी एकही नाही. शेवटचे पाच किलोमीटर जीभ टाळूला. आता पाणी तासांवर मोजते, किलोमीटरवर नाही. घरचं ओआरएस सोपं आहे: एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मिठाचा हात सैल सोडू नका.

आणखी एक. गोरेवाड्याच्या बाजूला नवी वाट शोधत फिरणाऱ्यांनी ऐका: ते वनखात्याचं जंगल आहे, बिबट्याचा वावर आहे. परवानगीशिवाय आणि अंधारात आत शिरायचं नाही. मी एकटी तर कुठल्याच कच्च्या वाटेवर जात नाही. धाडस म्हणून कोणी सांगितलं तरी.

धागाकर्ता

सातारकर, रामटेक कशाला विचारलंत. खरं उत्तर: परतताना तर्री पोहे. पण मुद्दा पटला, चढाचा सराव आठवड्यात एकदा डांबरावरच करतो, आणि कच्ची वाट डिसेंबरच्या मध्यापर्यंत आणखी एकदाच. काका, २.०४ खोडलं. ताई, मांड्या अजून दुखतायत, आज बुधवार आहे, म्हणजे तुमची नणंद बरोबर.

येत्या रविवारी सेमिनरी हिल्स, पहाटे सव्वापाच, जपानी गार्डनच्या गेटपाशी. पहिली फेरी चालतच. केळी पिशवीत आतपर्यंत कोंबून आणा.

गोखरू

येतो. बूट घालून.