मदत हवी आहे: जपानसारखा लेसन स्टडी शाळेत सुरू कसा करायचा?

नमस्कार मंडळी, जपानमधले शिक्षक जुग्यो केनक्यू म्हणजे लेसन स्टडी करतात तो कोणी प्रत्यक्ष करून बघितलाय का? तिकडे काही शिक्षक मिळून एकच धडा बारकाईने प्लॅन करतात, मग एकजण वर्गात शिकवतो आणि बाकीचे मागे उभे राहून मुलांकडे बघतात, शिकवणाऱ्याकडे नाही, आणि नंतर सगळे बसून चर्चा करतात. मला हेच सगळ्यात भारी वाटतं. म्हणजे १/२ + १/३ चं उत्तर एखाद्या मुलीने २/५ लिहिलं तर ती तिथवर कशी पोचली हे कोणीतरी टिपून ठेवतं, एकट्याने शिकवताना ते दिसतच नाही हो!

फिनलंडचं कौतुक खूप ऐकलंय, पण पिसा (PISA) या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत त्यांचे गणिताचे गुण २००६ ला ५४८ होते ते २०२२ ला ४८४ वर आले, त्यामुळे कुठलंही मॉडेल जसंच्या तसं उचलू नये असं माझं मत. सिंगापूरमध्ये शिक्षकांना वर्षाला १०० तासांपर्यंत ट्रेनिंग घेता येतं, तेवढा वेळ आमच्याकडे कुठून येणार.

आम्ही तिघीचौघी तयार आहोत, पण अडचण अशी की सगळ्यांना एकच तास मोकळा मिळत नाही आणि मागे कोणी उभं राहिलं की इन्स्पेक्शन चालल्यासारखं टेन्शन येतं. व्हिडिओ काढून नंतर बघितला तर चालेल का? आणि चर्चेत शिक्षिकेवर टीका न होता बोलणं मुलांच्या विचारांवरच कसं ठेवायचं? अनुभव असेल तर प्लीज सविस्तर लिहा.