बीपीसी-१५७ बद्दल थोडी भर

टाचेमागचं दुखणं आणि अ‍ॅसिडिटी, दोन्हींसाठी जिममधल्या मित्राने बीपीसी-१५७ चं इंजेक्शन सुचवलंय, असं तुम्ही लिहिलंत, म्हणून सांगावंसं वाटलं.

हे १५ अमिनो आम्लांचं कृत्रिम पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखीच पण छोटी साखळी. त्यावरचं बरंचसं काम क्रोएशियातल्या झाग्रेबच्या एका गटाचं आहे. उंदरांवरचे निकाल खरोखर दखल घेण्याजोगे आहेत: टाचेमागची कापलेली कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) लवकर सांधली, वेदनाशामकांमुळे जठरात झालेले व्रण भरले. जखमेकडे नव्या रक्तवाहिन्या फुटायला ते मदत करतं, असं दिसतं. माणसांवरचे अभ्यास मात्र अगदी मोजके आणि छोटे. शिवाय नव्या रक्तवाहिन्या कॅन्सरच्या गाठीलाही हव्याच असतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. ऑनलाइन मिळणाऱ्या कुपीवर बहुतेक वेळा 'फक्त संशोधनासाठी' असं छापलेलं असतं, ते नीट वाचा. स्पर्धेत धावत असाल तर २०२२ पासून 'वाडा'च्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत ते आहे.

टाचेसाठी डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या चालू आहेत का? पोटाचा त्रास त्यांनीही होतो. डॉक्टरांना ते आधी सांगा, आणि एच. पायलोरी या जठरातल्या जिवाणूची तपासणी करायची का तेही विचारा.