दिसत नाही, तरी उजेडात डोळ्याची बाहुली आकसते. हे कसं?

निशाचर: रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्याच्या पडद्याच्या आनुवंशिक आजारामुळे ज्यांना उजेड-अंधारही कळत नाही, अशा काहींच्या डोळ्यावर बॅटरी मारली की बाहुली सावकाश आकसते. उजेड टिपणाऱ्या दंडपेशी आणि शंकुपेशी गेल्यावर बाहुलीला उजेडाची वर्दी देतं कोण? झोपेशी याचा संबंध आहे का? असेल तर घरात दिवे कसे ठेवायचे?

दृष्टिपटल: वर्दी देतात मेलानॉप्सिन हे उजेड टिपणारं प्रथिन असलेल्या, डोळ्याच्या पडद्यातल्या गँग्लियन पेशी. एरवी गँग्लियन पेशी म्हणजे नुसत्या टपालवाल्या, दुसऱ्यांचे संदेश मेंदूकडे पोचवणाऱ्या. त्यातल्या मोजक्या स्वतःच उजेड ओळखतात. 2002 मध्ये डेव्हिड बर्सन यांच्या गटाने उंदरांत या पेशींकडे येणारे इतर पेशींचे संदेश औषधांनी बंद केले, तरी उजेड पडताच त्या पेटत राहिल्या. गंमत म्हणजे मेलानॉप्सिन 1998 मध्ये आधी सापडलं ते बेडकाच्या कातडीत!

या पेशींना सर्वांत जास्त चेतवतो तो साधारण 480 नॅनोमीटरचा निळा उजेड. त्यांची एक तार बाहुलीच्या केंद्राकडे जाते, दुसरी झोप-जागेची वेळ ठरवणाऱ्या मेंदूतल्या मुख्य घड्याळाकडे. म्हणून झोपेशी संबंध आहेच.

तपासताना घाई नको. दहा मिनिटं अंधारात बसवा, मग सारख्याच तेजाचा एक सेकंद लाल आणि थोड्या वेळाने एक सेकंद निळा झोत द्या. लाल झोतानंतर बाहुली लवकर पूर्ववत होते. निळ्यानंतर सहा सेकंदांनीही आकसलेली राहिली, तर मेलानॉप्सिन शाबूत आहे. आपल्याकडच्या गडद बुबुळात नुसत्या डोळ्यांनी हे दिसणं अवघड, इन्फ्रारेड कॅमेरा हवा. पायलोकार्पिन (बाहुली आकसवणारं) किंवा अॅट्रोपिनचे (बाहुली मोठी करणारं) थेंब चालू असतील तर चाचणीला अर्थ नाही.

घड्याळजी: एक महत्त्वाचं. दृष्टी गेलेला पण न दुखणारा डोळा केवळ दिसायला बरं म्हणून काढायचा विचार असेल, तर आधी ही चाचणी करा. डोळ्यासोबत घड्याळाची किल्लीही जाते. मग शरीराचं घड्याळ 24 तासांपेक्षा थोडं लांब चालतं आणि झोप रोज काही मिनिटं पुढे सरकते: काही आठवडे छान, पुढचे काही रात्रभर टक्क जागं. किमान 14 दिवस झोपेच्या वेळा लिहा, जमलं तर महिनाभर. हा नमुना दिसला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज ठरलेल्या वेळी मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणाऱ्या संप्रेरकाची गोळी. वेळ चुकली तर गोळी घेऊनही उपयोग नाही.

लक्समापे: दिव्यांचं सांगतो. दिवसा डोळ्यापाशी किमान 250 मेलानोपिक लक्स, झोपण्याआधीचे तीन तास 10 च्या आत, झोपेत 1 च्या आत. ही तज्ज्ञगटाची 2022 ची शिफारस आहे, निरोगी प्रौढांसाठी. लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक, आणि मेलानोपिक म्हणजे या पेशींच्या चष्म्यातून मोजलेले लक्स. 2700 केल्विनच्या पिवळट एलईडीत साध्या लक्सच्या निम्म्याहूनही कमी भरतात, 4000 केल्विनमध्ये सुमारे 60 टक्के. म्हणजे पिवळट दिव्याखाली साधे 550-600 लक्स लागतील.

उजेड मोजायचा लक्समीटर टेबलावर आडवा ठेवला की सगळा हिशेब फसतो. तो उभा, डोळ्याच्या उंचीवर, बसल्यावर साधारण 1.2 मीटर, नजरेच्या दिशेला धरा. फोनच्या सेन्सरवर भिस्त नको. खरं तर सकाळी गॅलरीत बसणं सगळ्यांत स्वस्त: ढगाळ आभाळही हजारो लक्स देतं. मात्र तिथे गॉगल लावून बसू नका.

निशाचर: मोतीबिंदू असेल तर?

दृष्टिपटल: पिवळं पडलेलं भिंग नेमका निळा उजेडच अडवतं. तेव्हा तेवढाच परिणाम हवा असेल तर लक्स वाढवा. काचबिंदूचं वेगळं, तिथे खुद्द या पेशीच मरू शकतात.