ट्रॅव्हल नर्स आहे, सारखं दुसऱ्या युनिटला पाठवतात, मदत हवी आहे

एजन्सीमार्फत एका हॉस्पिटलात 13 आठवड्यांचं कॉन्ट्रॅक्ट आहे, सहावा आठवडा चालू आहे, नाइट शिफ्ट. माझा अनुभव मेड-सर्जचा (मेडिकल-सर्जिकल वॉर्डचा), 4 वर्षांचा, पण आल्यापासून तीनदा आयसीयूला फ्लोट केलंय, म्हणजे त्या शिफ्टपुरतं तिकडे पाठवलंय. परवा तर व्हेंटिलेटरवरचा पेशंट दिला, अलार्म वाजायला लागला आणि क्रॅश कार्ट (इमर्जन्सीच्या औषधं-उपकरणांची ट्रॉली) कुठल्या कोपऱ्यात ठेवलंय तेही मला माहीत नव्हतं, कारण त्या युनिटचं ओरिएंटेशनच झालेलं नाही. शेजारची नर्स धावून आली म्हणून निभावलं.

चार्ज नर्सशी (शिफ्टच्या प्रमुख नर्सशी) बोलले तर म्हणाली स्टाफ कमी आहे, काय करणार. एजन्सीच्या रिक्रूटरला दोनदा मेल केला, उत्तर एकच, कॉन्ट्रॅक्टमध्ये 'गरजेनुसार इतर युनिट' लिहिलंय. (लिहिलंय खरं, सही करताना मीच नीट वाचलं नाही.) कॉन्ट्रॅक्ट मोडायचं नाहीये, राहायची जागा एजन्सीचीच आहे आणि एवढ्या मोठ्या शहरात ओळखीचं कुणी नाही. फ्लोटला नकार नाही, फक्त झेपणारे पेशंट द्या एवढंच म्हणणं आहे.

एकदा हॅंडओव्हर (आधीच्या नर्सकडून पेशंटचा ताबा) घेतला की पेशंट सोडता येत नाही हे माहितीये, म्हणून बोलायचं ते त्याआधीच. तर तेव्हा नेमकं काय बोलायचं, आणि लेखी कुणाला द्यायचं, सुपरवायझरला की एजन्सीच्या क्लिनिकल मॅनेजरला?