तुमच्या घरात ‘नोकरी’ कशी बदलली?

भाचीने वर्षाच्या आत दुसरी नोकरी सोडली आणि घरात दोन तट पडले. ‘टिकायची सवयच नाही’ विरुद्ध ‘टिकून मिळतं काय?’ तुमच्याकडचे अनुभव लिहा. ‘आजकालची पिढी’ हे शब्द टाळता आले तर बरं.

लालबाग : वडील गिरणीत, आधी बदली कामगार. बदलीवाल्याने पाळीच्या वेळी गेटवर उभं राहायचं. कुणाचा खाडा पडला तर काम, नाहीतर डबा तसाच परत. कायम झाल्यावरही ते तापात कामावर जायचे. नातेवाईक याला निष्ठा म्हणत. आई म्हणायची, “निष्ठा कसली, खाड्याची भीती अजून गेली नाही.” १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि वडील पुन्हा आत गेलेच नाहीत. आज माझी मुलगी लोअर परळला गिरणीच्याच जागेवरच्या ऑफिसात बसते. आजोबांची पहिली पाळी साडेतीनला सुटायची. हिला भोंगाच नाही. रात्री जेवताना लॅपटॉप ताटाशेजारी. आणि आळशी म्हणून बोलणी हिलाच!

कोल्हापूर : आमच्याकडे म्हशी. पोराने धारा काढायचं यंत्र आणलं, आता सकाळी जिमला जातो. वडिलांना यंत्र पटलंय, जिम नाही.

हिंजवडी : मी टीम सांभाळते, म्हणून दुसरी बाजू. नवी मुलं सुट्टी मागत नाहीत, कळवतात. रविवारी फोन उचलत नाहीत, तेही ठीक. आम्ही उगाच उचलत होतो. पण नोटीस पीरियडमध्ये हँडओव्हर अर्धवट टाकून जाणं मला झेपत नाही. मागे राहिलेल्याने रात्री जागायचं का?

सातारा : बाबा झेडपीचे शिक्षक, मीही शिक्षक. पण मी १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलो, म्हणजे जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ च्या संपात उतरलो तर बाबा भडकले. “परीक्षा तोंडावर आणि मास्तर रस्त्यावर?” मी म्हटलं, तुमची पेन्शन दर महिन्याला जमा होते, म्हणून सुचतंय. जरा जास्तच लागलं त्यांना.

लालबाग : @सातारा, १९७७-७८ च्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या ५४ दिवसांच्या संपात बाबा होते का, विचारा की.

सातारा : विचारलं. होते. म्हणाले, “तो वेगळा होता.”