चार्लटनची पात्रे अडगळीत गेली का?

अमेरिकी कॉमिक्स प्रकाशक डीसीने १९८३ मध्ये चार्लटन या दुसऱ्या कॉमिक्स प्रकाशकाचे अतिमानव (सुपरहिरो) विकत घेतले आणि अडगळीत टाकले, असे एक मत मांडले जाते; ते मला एकांगी वाटते. त्या काळी डीसीच्या संपादकीय विभागाची धुरा सांभाळणारे डिक जिओर्डानो साठच्या दशकात चार्लटनचेच संपादक होते, त्यामुळे कॅप्टन अ‍ॅटम, क्वेश्चन ही चार्लटनची पात्रे त्यांच्या घरचीच होती. कॉमिक्स-लेखक अ‍ॅलन मूर यांनी याच पात्रांना घेऊन कथेचा प्रस्ताव मांडला, तेव्हा अखेरीस त्यांतली बरीचशी पुढे वापरण्याजोगी उरणार नाहीत हे ओळखून नवी पात्रे घडवण्याचा आग्रह जिओर्डानो यांनीच धरला. त्यातून ‘वॉचमेन’ ही कॉमिक्स-मालिका उभी राहिली. चेहराच नसलेल्या क्वेश्चनच्या जागी सतत आकार बदलणाऱ्या शाईच्या डागांचा मुखवटा घातलेला रोर्शाक आला. ही अदलाबदल मला तरी मुळापेक्षा सरस वाटते. चार्लटनच्याच ब्लू बीटल या पात्रासाठी तर डीसी हे तिसरे बिऱ्हाड: १९३९ मध्ये तो फॉक्स या प्रकाशकाकडे जन्मला, पुढे चार्लटनकडे आला आणि १९६६ मध्ये चित्रकार स्टीव्ह डिटको यांनी त्याला टेड कॉर्डच्या रूपात नव्याने घडवले. थंडरबोल्ट या चार्लटनच्या आणखी एका पात्राचे हक्क मात्र कालांतराने त्याचे निर्माते पीट मोरिसी यांच्याकडे परत गेले.